खालचा वायरमन

आमच्या रनाळ्याला वीस वर्षं एकच वायरमन होता आणि या वीस वर्षांत त्याला खांबावर चढलेलं कुणी पाहिलं नव्हतं. पोहता न येणारा कोळी किंवा हिशेब न येणारा वाणी जितका दुर्मीळ, तितकाच हाही. पण मगनआप्पा होता आणि सुखाने होता. 'आप्पा' हे बिरूद त्याला लहानपणीच चिकटलेलं, वयाचा काही संबंध नाही. गावाने त्याला आणखी एक पदवी दिली होती, 'खालचा वायरमन'. वरचा वायरमन म्हणजे त्याचा जोडीदार रूमाभाऊ वळवी, सातपुड्यातल्या काठीकडचा. शिडी खांद्यावर घेऊन चालायचा तो रूमाभाऊ, वर चढायचा तोही रूमाभाऊ. आप्पा खाली हत्यारांच्या पेटीवर बसून, मान वर करून, बोटाने दाखवत राहायचा.

मी गावच्या हायस्कुलात मराठी शिकवत असे. घरची पिठाची गिरणीही आहे. त्यामुळे वीज गेली की गावात सगळ्यांत आधी जीव माझा कासावीस व्हायचा आणि आप्पाला पहिला फोन माझाच जायचा. आप्पा यायचा, पण त्याच्या वेळेने यायचा. सबस्टेशनपासून माझी गिरणी चालत दहा मिनिटांवर आहे. आप्पाला चाळीस लागायची. वाटेत तो प्रत्येक दारापाशी थांबे. कुणाची म्हैस व्याली का, कुणाच्या मुलीचा निकाल काय लागला, पथारीवर टाकलेली मिरची वाळली का, सगळं विचारून घेई. विचारता विचारता ओट्यावर टेकायचा, उत्तर ऐकताना डोळे मिटायचा. माणूस किती मन लावून ऐकतो, असं बायकांना वाटे. मला वाटे, याला कामाचा कंटाळा आहे.

मात्र एकदा खांबापाशी पोचला की त्याच्यासारखा कारागीर नाही. आधी तो खांबाला कान लावायचा. मग शेजारच्या घरी जाऊन दिवा गेला तेव्हा एकदम गेला की मिणमिणत गेला, पंखा आधी थांबला की टीव्ही, अशा चौकशा करायचा. आम्ही घामाने निथळत उभे, आणि हा पोलीस पाटलासारखा जबाब घेतोय. शेवटी पेटीवर बसून म्हणायचा, "रूमा, तिसरा खांब. गावकडना झंपर ढिला शे." रूमाभाऊ चढायचा आणि झंपर, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, ढिला निघायचा. एकदाही चुकलेला मला आठवत नाही. कुणी चिडवलं की आप्पाचं ठरलेलं उत्तर होतं, "वर काय शे? वर नुसती तार शे. फॉल्ट खालेच समजस."

आकडे काढण्याची त्याची पद्धत तर खासच होती. आकडा म्हणजे तारेवर परस्पर हूक टाकून फुकट वीज ओढणं. आमच्याकडे ही कला घरोघरी आहे. दुसरा वायरमन असता तर पंचनामा करता. आप्पा तसं करत नसे. आकडा टाकणाऱ्याच्या घरी जाऊन चहा मागायचा, बशीत ओतून फुंकत फुंकत प्यायचा आणि त्या घरच्या दिव्याकडे बघत बसायचा. मग सांगायचा, "दादा, आकडावर दिवा पेटस, पन मंद पेटस. तुन्हा बी मंद, आनि ज्यान्ही लाइन तू ओढी लिधी त्यान्हा बी मंद." एवढं बोलून उठायचा. दुसऱ्या दिवशी आकडा निघालेला असे. निघाला नाही तर तिसऱ्या दिवशी आप्पा पुन्हा चहाला. त्याच्या गप्पा ऐकण्यापेक्षा मीटर परवडलं, असं एका बागायतदाराने मला स्वतः सांगितलं होतं.

त्याची खरी परीक्षा होळीला. रूमाभाऊ दरवर्षी होळीला काठीला जायचा. त्यांच्याकडे तो मोठा सण, बाबा बनून अंगाला राख फासून नाचण्याचं व्रत त्याने धरलेलं. पाच दिवस फोन लागत नसे आणि पाच दिवस आप्पाचं तोंड उतरलेलं असे. त्या दिवसांत जोराचा वारा सुटला तरी हा मारुतीच्या देवळापाशी जाऊन उभा राही. एका वर्षी नेमका ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवरचा फ्यूज उडाला. आप्पाने दोन बांबू एकाला एक बांधले, टोकाला तारेचा चिमटा केला, खालचं स्वीच पाडून ठेवलं आणि जमिनीवर उभ्याउभ्या तासभर खटपट करून फ्यूज बसवला. गाव टाळ्या वाजवत होतं. लग्नात नवरदेवाला चढवतात तसं पोरांनी त्याला ट्रॅक्टरवर चढवून मिरवलं. ट्रॅक्टरवर चढतानाही त्याने दोनदा दम खाल्ला, यावर आम्ही आणखी हसलो.

मी तर हद्दच केली होती. आठवीच्या वर्गात वाक्प्रचार शिकवत होतो. 'चालढकल करणे' याचा वाक्यात उपयोग सांगताना फळ्यावर लिहिलं, 'मगनआप्पा खांबावर चढण्यात चालढकल करतो.' वर्ग खो खो हसला. आप्पाची मुलगी त्याच वर्गात होती हे नंतर माझ्या लक्षात आलं. तीही हसली होती, निदान मी तशी समजूत करून घेतली. दुसऱ्या दिवशी आप्पा गिरणीत आला. "सर, मन्हं नाव व्याकरणमा उनं म्हने?" असं म्हणून स्वतःच हसला आणि त्याने चहा मागवला. मला तेव्हा वाटलं, किती खिलाडू माणूस आहे. आज ते वाक्य आठवलं की मला माझीच लाज वाटते.

कारण त्यानंतर काही महिन्यांनी एका दुपारी, गिरणी बंद असताना, आप्पा धान्याच्या पोत्यावर बसून इकडचं तिकडचं बोलत होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर, कोनले सांगू नका. मी भित्रा शे. चार पायऱ्या चढनू का छाती धडधडस, डोयासमोर अंधारी येस, हातले घाम सुटस. भ्याव नही तं काय शे हाई?"

भरतीच्या वेळी तो एकदा चढला होता. श्वास कोंडून, एका दमात, आणि उतरल्यावर अर्धा तास लिंबाखाली आडवा पडून होता. निवड झाली. तेव्हापासून रोज सकाळी आज चढायचंच असं तो ठरवत असे आणि रोज पहिल्या पायऱ्यांवरून परत येत असे. वायरमन म्हणून पगार घ्यायचा आणि खांबाला भ्यायचं, याची त्याला मनातून लाज वाटत होती. सगळ्या गप्पा, सगळ्या चौकशा, सगळं हसणं त्या लाजेवरचं पांघरूण होतं. हे त्याने मला विश्वासाने सांगितलं. आणि मी, मराठीचा शिक्षक, काय म्हणालो? "अरे, भीतीला औषध नाही, तू आपला खालीच शोभतोस." तोही हसला. विषय संपला.

मग नवे साहेब आले. त्यांनी आल्या आल्या सगळ्या वायरमनना सबस्टेशनच्या आवारात बोलावलं आणि प्रत्येकाने पट्टा बांधून आपल्यासमोर शिडी चढून दाखवावी असा हुकूम काढला. साहेबांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, वायरमनला चढता यायलाच हवं. आप्पाचा नंबर आला. तो सहा पायऱ्या चढला. सातवीला हात घातला आणि तिथेच शिडीला बिलगून राहिला. रूमाभाऊने त्याला उतरवलं. खाली बाकीचे हसत होते. साहेब वाईट मनाचे नव्हते. त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं की उंचीची भीती हा आजार असतो, नंदुरबारला जाऊन डॉक्टरचं तसं सर्टिफिकेट आणा, मी तुम्हाला खालचं काम देतो.

आप्पा नंदुरबारला गेला तो भित्रेपणाचा दाखला आणायला. असा दाखला मागायला गेलेला रनाळ्यातला तो पहिलाच माणूस असावा. डॉक्टरांनी रीत म्हणून छातीला नळी लावली आणि काढेचनात. पुढून ऐकलं, मागून ऐकलं, आडवं निजवून ऐकलं. ईसीजीची पट्टी काढली, मग छातीची सोनोग्राफी केली. म्हणाले, दाखला मिळणार नाही. तुम्ही उद्याच्या उद्या सुरतेला जा.

सुरतेला त्याच्यासोबत त्याची बायको शोभाताई, रूमाभाऊ आणि मी गेलो. गाडीत शोभाताई सारखं बोलत होत्या. या माणसाला काही झालेलं नाही, नुसता आळस आहे, घरी पाण्याची कळशी उचलायची तरी मधे दोनदा टेकतो. आप्पा खिडकीतून बाहेर विजेचे खांब मोजत बसला होता.

मोठ्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. ते गुजराती मिसळलेलं हिंदी बोलत, पण चित्र स्पष्ट होतं. हृदय सगळ्या अंगाला रक्त देतं, तसं त्याला स्वतःलाही लागतं. त्यासाठी दोन नसा मुख्य वाहिनीतून निघतात, एक उजवीकडची, एक डावीकडची. आप्पाची डावी नस जन्मापासून चुकीच्या ठिकाणी जोडलेली होती. जी वाहिनी वापरलेलं रक्त फुप्फुसाकडे नेते, तिलाच. तिथे ना दाब, ना ताजं रक्त. असं मूल बहुधा पहिल्या वर्षातच जातं. आप्पा चव्वेचाळीसचा झाला, कारण उजवी नस फुगून मोठी झाली आणि तिने बारीक बारीक फाटे फोडून डाव्या बाजूलाही रक्त पुरवलं. बसल्या जागी कसंबसं भागे. चढाव आला, ओझं आलं, की पुरवठा कमी पडे.

डॉक्टर आणखी सांगणार होते, पण आप्पाने ते चित्र आपल्याकडे ओढलं. त्याच्या चेहऱ्यावर फॉल्ट सापडल्यावरचा तो ओळखीचा भाव आला. "सर," तो मला म्हणाला, "डावी बाजूनी जनमथीन उजवीना लाइनवर आकडा टाकेल शे. लोड वाढना का व्होल्टेज पडस." मग चित्रातल्या डाव्या नसेवर बोट ठेवून म्हणाला, "इतला वरीस मी लोकेस्ना आकडा काढी ऱ्हायनू, आनि मन्हा छातीमाच आकडा."

डॉक्टरांना मी हिंदीत आकडा समजावून सांगितला. ते इतके खूश झाले की त्यांनी शिकाऊ डॉक्टरांना बोलावून आप्पाच्या तोंडून तो पुन्हा वदवून घेतला. त्यानंतर दोन दिवस आप्पाच्या खाटेपाशी नळ्या घेऊन तरुण डॉक्टर येत राहिले, छाती ऐकून जात राहिले. अशी नस मोठ्या माणसात बघायला मिळत नाही म्हणे. आप्पा आल्यागेल्याची चौकशी करायचा. एकीचं लग्न ठरत नव्हतं, तिला त्याने शहाद्याकडचं एक स्थळही सुचवलं.

शोभाताई मात्र त्या चित्रानंतर बोलायच्याच थांबल्या. वीस वर्षं ज्याला आळशी म्हटलं, त्याच्या कळशीचा विचार करत असाव्यात. त्या त्याच्यावर ओरडेनात, याचीच आप्पाने जास्त धास्ती घेतली. मला बाजूला घेऊन म्हणाला, डॉक्टरांनी हिला माझ्यामागे काही वेगळं तर सांगितलं नाही ना?

वऱ्हांड्यात मी रूमाभाऊला विचारलं, तुला कधी शंका आली नव्हती? त्याने दारातून आप्पाच्या खाटेकडे पाहिलं. मग म्हणाला, "माले ठाऊक व्हतं. त्यान्हं तोंड राखसारखं व्हई जाये. भित्रा मानूस खांबकडे देखस बी नही. हाऊ तं रोज पहिली पायरीवर पाय ठेवी देखे." आम्ही शिकलेले, हसणारे लोक. जे या डोंगरातल्या माणसाला दिसलं, ते आम्हाला दिसलं नाही, कारण आम्ही बघितलंच नाही. मी त्याला विचारलं, मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, बोलून काय, शिडी तर मलाच चढायची होती.

ऑपरेशन मोठं होतं. चुकीचं तोंड बंद करायचं आणि मुख्य वाहिनीकडून नवी लाइन टाकायची. त्यासाठी हृदय काही वेळ थांबवावं लागणार होतं. हे ऐकल्यावर आप्पाने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, परमिट कुणाच्या नावावर? मला पुन्हा दुभाषी व्हावं लागलं. तारेवर काम करायचं तर आधी सबस्टेशनमधून परमिट घ्यावं लागतं, मग लाइन बंद होते. आणि ज्याने परमिट घेतलं त्यानेच ते परत केल्याशिवाय लाइन चालू करायची नाही, मग मंत्री सांगो की साहेब. हा नियम मोडला की माणूस वर जळतो. डॉक्टरांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, बंद माझ्या सांगण्यावरून होणार आणि चालू माझ्याच सांगण्यावरून. मधे कुणाचा हात लागणार नाही. आप्पाने मान डोलावली आणि कागदावर सही केली.

पण आत नेण्याआधी त्याने माझा हात धरला. त्याचा हात गार होता. "ऑपरेशनले मन्ही ना नही, सर. पन माले एक गोट समजाले पाहिजे. इतला वरीस मी भित्रा व्हतू, का हाई नसच वाकडी व्हती?"

मी म्हणालो, नसच होती आप्पा, नसच. ते मी पुरेशा जोराने म्हणालो की नाही कोण जाणे. त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही. मरणापेक्षा त्याला या प्रश्नाची काळजी अधिक होती. ते सहा तास आम्ही तिघं बाकावर बसून होतो. शोभाताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. दार उघडलं, डॉक्टर बाहेर आले आणि माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, तुमच्या वायरमनला सांगा, परमिट परत केलं.

आप्पा बरा झाला. वीज कंपनीने त्याला सबस्टेशनमधली खुर्ची दिली. आता तो सबस्टेशनपासून माझ्या गिरणीपर्यंत दहा मिनिटांत येतो, आणि कुणाची म्हैस व्याली हे गावाला दुसऱ्या कुणाला तरी विचारावं लागतं. बायका तक्रार करतात की आप्पा हल्ली माजला, थांबत नाही. वर्षाने सुरतेला तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, जिने चढा. खांबांविषयी त्यांनी काही म्हटलं नाही, आणि आप्पाने विचारलंही नाही.

त्यानंतरच्याच एका सकाळी त्याचा फोन आला, मळ्याकडे या म्हणून. त्याच्या शेताच्या बांधावर नव्या लाइनचे खांब रोवले होते, तारा अजून ओढायच्या होत्या. म्हणजे वीज नाही, धोका नाही. खांबाला शिडी बांधलेली आणि रूमाभाऊ ती दोन्ही हातांनी धरून उभा. आप्पाने कमरेला पट्टा बांधला होता. मी काही बोलायच्या आत त्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

तो चढत गेला. सहा पायऱ्या झाल्या, सातवी झाली. मी मोजत होतो आणि माझीच छाती धडधडत होती. तो थांबला नाही, धापला नाही. बाराव्या पायरीवर, शिडीच्या पार टोकाशी, त्याने पट्टा खांबाला अडकवला आणि छातीवर हात ठेवून जरा वेळ स्वस्थ राहिला. मग त्याने खाली पाहिलं. पाहिलं मात्र, दोन्ही हातांनी खांबाला अशी मिठी मारली की शिडी हलली. तो हसतोय की रडतोय, मला खालून कळेना.

"सर," तो वरून म्हणाला, "छाती एकदम ठीक शे. पाय लटलट करी ऱ्हायनात. मी भित्रा बी शे."

तो हसत होता. इतका हसत होता की रूमाभाऊलाही हसू आवरेना. मी घाबरून ओरडलो, उतर आता. रूमाभाऊ त्याच्या मागे शिडी चढला आणि त्याचा पाय धरून खालच्या पायरीवर ठेवू लागला, पण आप्पा पाय देईना. त्याने मान वळवली होती आणि तो गावाकडे बघत होता. देवळाचा कळस, हायस्कुलाचे पत्रे, लांबवर लाल मिरचीच्या पथाऱ्या, त्यांच्या पलीकडे त्याचं स्वतःचं घर.

"रूमा, आठेथीन इतलं दिसस, तू कधी सांगं नही."

"तू कधी पुसं नही," खालून रूमाभाऊ म्हणाला आणि त्याने पुन्हा पाय ओढला.

"थांब रे," आप्पा म्हणाला. खांबाची मिठी त्याने जराही सैल केली नव्हती. "भ्याव वाटी ऱ्हायनं. पन जरा देखी लेस."